बर्फातलं खोपटं आणि आत्याची चौकट

॥ श्री ॥

कॅनडा,
६ जानेवारी २०२४

ती. प्रेमलाआत्यास,
केदारचा शि. सा. नमस्कार. वि. वि.

तुला फोनवर ऐकू येत नाही आणि यंत्र कानात घालायला तू तयार नाहीस, म्हणून पत्र. एका अर्थी बरंच आहे, तुला मध्येच तोडता येणार नाही. आज माझं डोकं फिरलंय.

आमच्या स्की केंद्राला यंदा पन्नास वर्षं होतायत आणि इतिहास लिहायचं काम माझ्या गळ्यात पडलंय. स्की म्हणजे डोंगरावरून घसरणं नव्हे गं, तू दरवेळी तेच धरून बसतेस. पायाला लांब फळ्या बांधून सपाट बर्फावरून, झाडांमधून चालत गेल्यासारखं जायचं. केंद्रात पगारी माणूस एकही नाही. एलिझाबेथ नावाच्या, तुझ्यासारख्याच मास्तरीणबाईंनी नवऱ्याला हाताशी घेऊन स्वतःच्या जंगलात कुऱ्हाडीने वाट काढली. बर्फ दाबायला यंत्र कुठलं? जुन्या पलंगाची स्प्रिंगची जाळी गाडीमागे बांधून ओढायचे. अजून सगळे पाळीपाळीने वाटा करतात, लाकडं फोडतात.

वाटेच्या मध्यावर एक लाकडी खोपटं आहे, आत चूल आणि किटली. मी नवा आलो तेव्हा त्याला कुलूप असायचं. सभेत मी उठून सांगितलं की माझ्या गावात घरांना दारंच नसतात. सगळे खो खो हसले, पण एलिझाबेथबाई उठून गेल्या आणि कुलूप काढून आल्या. तेव्हापासून ते उघडंच होतं. बाई आता नाहीत.

नवे अध्यक्ष रॉबिन यांनी डिसेंबरात तिथे आकड्यांचं कुलूप ठोकलं. का, तर कोणी कोकोचा डबा आणि फळ्यांचा एक जोड नेला! परवा एक बाई लहान मुलीला घेऊन वादळात कशीबशी तिथे पोचली, तर कुलपाची बटणंच गोठलेली. खिडकी फोडून आत शिरल्या म्हणून वाचल्या. आणि हा गृहस्थ काय म्हणतो, तर खिडकीला गज बसवू! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

मार्चअखेर सभेत मतदान आहे. मी तुझं नाव घेऊन उभा राहणार. बिनदाराच्या चौकटीत बसलेली तू, असा फोटो लगेच पाठव. इतिहासातही छापेन.

वाल्मिकदादाला आणि मनवावहिनींना नमस्कार. तुझा लोभ इथल्या थंडीत गोठू देऊ नकोस.

तुझा,
केदार

---

शनिशिंगणापूर,
२ फेब्रुवारी २०२४

चि. केदार यास,
प्रेमलाआत्याचे अनेक आशीर्वाद.

पत्र वाचून मीच तुझ्यावर चिडले, असल्या माणसाला अध्यक्ष केलंतच कसं? पोरीला बर्फात उभी करणारं कुलूप कसलं डोंबलाचं! कोकोचा डबा गेला म्हणून एवढा थयथयाट? आमच्या ओट्यावरचा तांब्या गेली कित्येक वर्षं कोणीतरी नेतंय, कोणीतरी आणून ठेवतंय.

इथे सगळं ठीक. वाल्मिकचं पूजेच्या सामानाचं दुकान जोरात आहे. तेलाच्या बाटल्यांची खोकी पार ओसरीपर्यंत आलीत, मला पाय टाकायला जागा नाही. तो हल्ली फार काळजी करतो.

फोटोचं जरा थांब. घरात सुतारकाम निघालंय, धूळच धूळ आहे. फोटो मिळेल पण. तू उगाच घाई लावू नकोस.

डोक्याला टोपी घालत जा. माया कमी पडू देत नाहीये, तूही पडू देऊ नकोस.

तुझी,
आत्या

---

शनिशिंगणापूर,
२१ फेब्रुवारी २०२४

चि. केदार यास,
अनेक आशीर्वाद.

सोबत फोटो. मनवाने मोबाईलवर काढून सोनईहून छापून आणलाय. चेहरा रागीट आलाय, त्याला इलाज नाही, तेव्हा मी रागातच होते. त्या रॉबिनच्या नाकासमोर धर.

तुझी,
आत्या

---

कॅनडा,
१ एप्रिल २०२४

ती. आत्यास,
शि. सा. नमस्कार. वि. वि.

सभा झाली. आधी भांडतो, मग निकाल सांगतो.

मी ऐटीत तुझा फोटो फिरवला. रॉबिननी चष्मा चढवला आणि विचारलं की चौकटीवर ही दोन लोखंडं कसली? आत्या, बिजागऱ्या! नव्याकोऱ्या, चकचकीत! माझ्या पायाखालची जमीन सरकली. रॉबिन म्हणाले की मग तुमच्या गावातही दारं बसली तर.

खोटं बोलवेना. मी म्हणालो की होय, या बिजागऱ्याच आहेत, म्हणजे इथे दार बसवलं होतं. पण फोटोत ते नाही, म्हणजे कोणीतरी ते काढलंय. कोणी काढलं हे मला कोणी सांगितलेलं नाही, पण त्या बाईचा चेहरा बघा. सगळ्यांनी फोटो पुन्हा पाहिला. मग ती वादळातली बाई उठली आणि म्हणाली की तिला दुसरं काही बोलायचं नाही, त्या रात्री तिला याच घराची ओसरी मिळायला हवी होती.

कुलूप निघालं. रॉबिनचा सोडून एकही हात विरोधात वर गेला नाही.

पण मला कळवायचं नाही? मी परका आहे का? जाम रागावलोय. रागावलेल्यावरही लोभ असू दे.

तुझा,
केदार

---

शनिशिंगणापूर,
२६ एप्रिल २०२४

चि. केदार यास,
अनेक आशीर्वाद.

रागाव खुशाल. काय कळवणार होते? माझ्या पोटच्या पोराने तेलाच्या खोक्यांपायी माझ्या घराला दार लावलं, हे?

जानेवारीत मी पुणतांब्याला लग्नाला गेले होते. परत आले तर दार, तेही आतून बंद. माझ्याच घराचं दार मी वाजवत उभी. मला ऐकू येत नाही रे, आतून कोणी ओ दिली का तेही कळेना. भर उन्हात पिशवी घेऊन ओट्यावर बसून राहिले. शेजारची दगडाबाई म्हणाली की परक्यावानी काय बसलात मास्तरीणबाई. मनवा पाणी भरून मागच्या बाजूने आत आली, तिने कडी काढली तेव्हा घरात गेले. त्याच आठवड्यात तुझं पत्र आलं. त्या पोरीचं वाचलं आणि ठरवलं.

वाल्मिकशी वाद घालून घालून घसा बसला. शेवटी सूर्यभान सुताराला बोलावून दार उतरवलं. खोकी दुकानात ठेव म्हटलं, नाहीतर मलाच दुकानात ठेव. आठवडाभर बोलला नाही माझ्याशी. दार आता गच्चीवर चार विटांवर आडवं आहे, त्यावर पापड वाळतात. पापड मात्र मुकाट्याने खातो.

तुझं सभेचं पत्र वाचून तो म्हणाला की बिजागऱ्याही काढून भोकं बुजवतो, दिसायला नको. मी म्हटलं, खबरदार हात लावशील तर. दार होतं आणि आपण ते काढलं, हे येणाऱ्याजाणाऱ्याला दिसू दे. तुझ्या इतिहासातही फोटो आहे तसाच छाप.

आणि त्या बाईला कळव, ओसरी मोकळी झालीय.

तुझी,
आत्या