चौथ्या ओळीतलं अक्षर

फुल्डा, २ जून १९७१

ती. मावशीस गेर्लिंडेचा शि. सा. न.

चेरीचा मुरंबा पोचला आणि दोन दिवसांत संपलाही. त्यात माझा वाटा किती, ते आईला विचारू नकोस.

बारा तारखेला कासेलला टंकलेखनाची स्पर्धा आहे. दहा मिनिटं टाइप करायचं, खोडायचं नाही आणि एका चुकीला शंभर ठोके वजा. तुम्हा तपासनिसांना दयामाया म्हणून नाही. पण मावशी, यंदा मला चषक हवाच आहे. आमचे साहेब म्हणतात, पोरींची बोटं लग्नापर्यंतच चालतात. त्यांच्याच टेबलावर तो नेऊन ठेवायचाय.

तुझंच जुनं यंत्र आणतेय. त्याचं एक अक्षर अजून ओळीच्या वर उडी मारतं.

आहे ती माया अशीच असू दे.
तुझी गेर्लिंडे

*

मारबुर्ग, १६ जून १९७१

चि. गेर्लिंडे हिस अनेक आशीर्वाद.

तुला चषक घेताना पाहून डोळे भरून आले. हे आधी लिहिते, कारण पुढचं लिहिणं जड जाणार आहे.

आमच्याकडे कागदांवर नावं नसतात, नुसते आकडे. तरी उडी मारणारं ते अक्षर दिसलं आणि कागद तुझा हे कळलं. ओळखीचा कागद शेजारच्या टेबलावर द्यायचा, असा आमचा रिवाज आहे. मी दिला. पण देण्याआधी चौथ्या ओळीत एक अक्षर गळालेलं नजरेला पडलं होतं. शेजारच्यांच्या नजरेतून ते सुटलं. गीसेनची रोझविथा तुझ्या मागे साठच ठोके होती. मी गप्प बसले. कागद सोडला की बोलायचा हक्क नाही, अशी मनाची समजूत घातली. वीस वर्षांत असं कधी केलं नव्हतं. आता काय करायचं ते तू ठरव. माझी तुझ्यावरची माया कमी होणार नाही.

हिल्ट्रूडमावशी

*

फुल्डा, २४ जून १९७१

ती. मावशीस शि. सा. न.

पत्र वाचून आधी हसू आलं, मग रडू. अक्षर सुटलं तेव्हाच माझ्या बोटाला कळलं होतं. वाटलं, वजा करतीलच. केलं नाही, तर मीही तोंड मिटून चषक घेतला. साहेबांच्या टेबलावर मात्र नेववेना. आठ दिवस तो कपाटात भिंतीकडे तोंड करून होता. एकाच अक्षरावर आपण दोघी गप्प बसलो होतो.

मग स्पर्धेच्या मंडळाला खरं काय ते लिहिलं आणि रविवारी चषक घेऊन गीसेनला गेले. रोझविथा माझ्याहून धाकटी निघाली, एका वकिलाकडे टाइप करते. आधी तिला चेष्टाच वाटली. मग तिने कॉफी केली, चषक हातात घेऊन उलटसुलट पाहिला, आणि म्हणाली की शेजारच्या टेबलावर सुटलेली चूक ज्यांच्या नजरेला पडली आणि ज्यांनी ती स्वतःहून कळवली, त्या बाईंना तिला एकदा भेटायचंय.

मी तुझं नाव सांगितलं, मावशी. अभिमानानं सांगितलं.

मायेत ठेव.
तुझी गेर्लिंडे