संडासातलं कॅलेंडर आणि स्निपची लस

पुलाजवळचं घर,
मंगळवार, २७ ऑगस्ट २०१९

प्रिय रिन्स्के,

कशी आहेस? बेटावर यंदा पाहुण्यांची झुंबड उडाली म्हणे, तुझ्या दारापुढे सायकलींची रांग लागली असेल. इकडे सगळं ठीक. पावसाने बटाट्यांची वाट लावली, टोमॅटो मात्र वेड्यासारखे आलेत. कालव्यावरचा पूल बोटींसाठी उघडायची नोकरी मी वसंतातच सोडली. नवा माणूस आलाय, बरा आहे, पण घंटा उगाच लांबवतो. बोटवाल्यांना वाटतं, आगच लागली.

माझं अक्षर बघून दचकली असशील. जवळजवळ तीन वर्षांनी लिहितोय. मी काही सोंग करणार नाही, पण सगळं एका दमात सांगायला जमेल असंही नाही. तेव्हा आधी आभार. मनापासून आभार मानतो, रिन्स्के, तुझ्या कार्डाबद्दल.

म्हणजे स्निपच्या कार्डाबद्दल. पाकिटावर नाव त्याचंच होतं ना! "श्री. स्निप, पुलाजवळचं घर." आणि आत: "स्निप, तुझ्या सुईची वेळ झाली. त्या म्हाताऱ्याला सोबत ने, वाटेत हरवू देऊ नकोस." मी स्वयंपाकघरात उभ्या उभ्या एकटाच इतका हसलो की श्री. स्निप भुंकायला लागले.

कार्ड आलं तेही नेमकं वेळेवर. झालं असं, की ऑक्टोबरात मला दहा-बारा दिवस लेउवार्डनच्या इस्पितळात जायचंय. डॉक्टरांनी जरा दुरुस्ती काढलीय, विशेष काही नाही. तोवर स्निपला कुठे ठेवायचं? म्हणून कुत्र्यांच्या पाळणाघरात गेलो. तिथल्या हूक्स्त्राबाई तुला आठवत असतील, खांद्यावर नेहमी दोराचं वेटोळं असतं त्या. त्यांनी स्निपचे कान खाजवले, त्याला बिस्कीट दिलं आणि मला म्हणाल्या, "लसीची पुस्तिका?"

"घरी आहे."

"आणि लसी?"

"त्या... पुस्तिकेत असतील."

"वीबे," त्या म्हणाल्या, "माझ्याकडे अठरा कुत्री आहेत. लस नसलेला कुत्रा मी आत घेत नाही. तुमचा असला तरी नाही. पोपचा असता तरी नाही."

घरी येऊन पुस्तिका शोधायला बसलो. ती हिल्केच्या खणात होती. हिल्के गेल्यापासून तो खण मी उघडलाच नव्हता. म्हणजे वरून टाकायचो त्यात, टपालातलं जे नको असेल ते. खाली बघायचो नाही. पुस्तिकेवर दोन पाकिटं होती, बंदच. दोन्हींवर "श्री. स्निप." एक २०१७ चं, एक २०१८ चं. मी ती का उघडली नाहीत, ते विचारू नकोस. तुम्हा दोघी बहिणींचं अक्षर सारखंच, तो लांब शेपटीचा 'स'. टपालातून ते अक्षर आलं की माझे हातच चालायचे नाहीत. तिसरं शनिवारी आलं, आणि ते मी उघडलं. आता नाही उघडलं तर कधीच नाही, असं वाटलं.

पुस्तिकेत हिल्के असेपर्यंतची सगळी चिकट लेबलं ओळीने लावलेली. शेवटचं सप्टेंबर २०१६ चं. त्यापुढची पानं कोरी. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. हे जनावर रोज कालव्यात उडी मारतं, ज्या पाण्यात उंदीर पोहतात त्यातच. उंदरांचा ताप घेऊन आलं असतं तर चार दिवसांत संपलं असतं. तीन उन्हाळे ते निव्वळ नशिबावर जगलं, आणि मी रोज त्याचं अंग पुसून स्वतःलाच शाबासकी देत होतो!

आज सकाळी दवाखान्यात गेलो. नवीन डॉक्टर आहे, मारेन नावाची, तिशीची असेल. मी खाल मानेने पुस्तिका पुढे केली. म्हटलं, आता ही चांगली हजेरी घेणार.

तिने पानं उलटली. "आम्ही चार पत्रं पाठवली होती तुम्हाला."

"हो. खणात आहेत."

"ह्याला नेहमी तुमच्या पत्नी आणायच्या ना?"

"हो."

तिने पुस्तिका मिटून बाजूला ठेवली. स्निपला खाली फरशीवरच तपासलं, टेबलावर चढवलंसुद्धा नाही. गुडघे टेकून बसली बिचारी. मग म्हणाली, "उंदरांच्या तापाची लस फार मागे पडलीय, तेव्हा ती पहिल्यापासून सुरू करायची. आज एक, बरोबर चार आठवड्यांनी दुसरी. बाकीच्या आजारांची एकच पुरे. ऑक्टोबरच्या आत सगळं होतंय."

"म्हणजे उशीर नाही झाला?"

"झालाय की! पण पुन्हा सुरू करता येतं."

स्निपला सुई कळलीसुद्धा नाही. मीच बाहेर येऊन भिंतीला टेकलो. मारेनने पाणी आणून दिलं, म्हणाली, "बहुतेक मालकच चक्कर येऊन पडतात." चांगली पोरगी आहे. तिचे आभार मानले, हूक्स्त्राबाईंचेही मानले, आता तुझे मानतोय. एका दिवसात एवढे आभार मानायची सवय नाही मला, जीभ दुखतेय.

एक मात्र सांग. लसीचा महिना तुला कसा माहीत? हिल्केने आमच्या संडासातल्या वाढदिवसाच्या कॅलेंडरवर, घरोघर वर्षानुवर्षं एकच टांगलेलं असतं त्यावर, तो लिहिला होता खरा, पण ते कॅलेंडर तर मी काढून ठेवलं. ती गेली त्याच आठवड्यात. सकाळी सकाळी बसायचं आणि डोळ्यांपुढे तिचं अक्षर, सगळ्या गावाची नावं, आणि जूनमध्ये तिचं स्वतःचं. नाही झालं सहन. शिडीमागे टाकलं. त्यानंतर मी एकाचाही वाढदिवस लक्षात ठेवलेला नाही. शेजारचे बोलायचे बंद झाले, दोन भाचे तुटले. तुझा नऊ मार्च तीनदा गेला. तू समजलीस मी अजून रागात आहे. रागात नव्हतो गं. भिंतीवर फक्त खिळा उरला होता.

कळव.

वीबे

---

पुलाजवळचं घर,
मंगळवार, २४ सप्टेंबर २०१९

प्रिय रिन्स्के,

तुझं पाकीट शुक्रवारी आलं. आज मंगळवार. चार दिवस मी लिहायला बसतोय आणि उठतोय. कॉफी इतकी झालीय की कागदावरही सांडलीय, तेव्हा डागांना नावं ठेवू नकोस.

मला वाटलं होतं तू दोन ओळी खरडशील. तू तर तुझ्या संडासातल्या कॅलेंडरचं सप्टेंबरचं पानच फाडून पाठवलंस! वर चिठ्ठी: "वाच आणि परत पाठव. ह्याच पानावर आणखी तिघांचे वाढदिवस आहेत आणि मी तुझ्यासारखी नाही." बरोबर आहे. नाहीसच तू माझ्यासारखी.

चोवीस तारखेच्या रेघेवर तिचं अक्षर. तुझं नव्हे, तिचंच. मी लगेच ओळखलं, शेवटी शेवटी तिची रेघ उजवीकडे उतरायची. "स्निपची लस. वीबेला आठवण करणे. आमचं कॅलेंडर तो काढून ठेवेल."

त्या उन्हाळ्यात ती तुझ्याकडे चार दिवस राहिली होती ना, तेव्हाच लिहिलं म्हणतेस. म्हणजे मी खिळ्यावरून आमचं कॅलेंडर काढायच्या आधी चार महिने तिला ठाऊक होतं. छत्तीस वर्षं संसार केला बाईने, माझी नस न् नस ओळखून होती. आणि मी स्वतःला मोठा गूढ माणूस समजत होतो!

आज चोवीसच आहे, लक्षात आलं का? मारेनने चार आठवडे मोजले आणि बरोबर तिच्या तारखेवर येऊन थांबली. तिला बिचारीला काय माहीत. मी तिला पान दाखवलं. तिने वाचलं, स्निपला दुसरी सुई दिली, पाळणाघरात लागू नये म्हणून खोकल्याचं औषध नाकात उडवलं (ते त्याने शिंकून सगळं माझ्या चष्म्यावर परत केलं), आणि पुस्तिकेत नवं लेबल चिकटवताना म्हणाली, "तारीख नीट दिसतेय ना? तुमच्या पत्नींना चालेल ना?" मी म्हटलं, चालेल. तिथून थेट हूक्स्त्राबाईंकडे गेलो. त्यांनी पान न् पान बघितलं, अंगठा लावून लेबल खरवडून बघितलं, आणि मग वहीत स्निपचं नाव लिहिलं. चौदा ऑक्टोबरपासून. खिडकीजवळची जागा दिलीय, नकार देणाऱ्या बाईने.

आता ज्याला मी दुरुस्ती म्हटलं ते सांगतो. माझ्या हृदयाची झडप बदलायची आहे. पंधरा ऑक्टोबर, सकाळी आठ. छाती उघडतात. पूल सोडला तोही त्यासाठीच, फाटक लावून परत येईपर्यंत धाप लागायची. डॉक्टर म्हणतात शंभरातले सत्त्याण्णव घरी जातात. मी म्हटलं, मी उरलेल्या तिघांना ओळखतो. त्यांना काही हसू आलं नाही.

हे सांगितलं, तर आता दुसरंही सांगतो. ते ह्याहून अवघड आहे.

हिल्के गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी तू पहिल्या बोटीने आलीस. कोट ओला, केस ओले. मी दारात उभा होतो आणि तुला आत घ्यायच्या आधी म्हणालो, "कुत्रासुद्धा तिच्याजवळ होता. तू नव्हतीस." अंत्यविधी झाल्यावर कॉफीचा कपही न घेता गेलीस, आणि मी तुला जाऊ दिलं.

रिन्स्के, त्या वादळात बोट सुटणारच नव्हती. मला ते तुझ्या आधी कळलं होतं. तीस वर्षं मी वारा बघून पूल उघडलाय, मला काय कळत नव्हतं? हिल्के गेली त्या दिवशी दुपारीच मी तिला म्हटलं होतं, "आज बेटावरून कोणी येत नाही." ती म्हणाली होती, "असू दे, ती निघाली असेल मनाने."

आणि मीही नव्हतो तिच्याजवळ.

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. तिचा श्वास तसा येत होता, थांबत, पुन्हा येत, आणि मला तो ऐकवेना. मी म्हटलं, "पुलाचं फाटक बघून येतो, वाऱ्याने आपटतंय." फाटक आपटत नव्हतं. तसल्या वादळात एकही बोट नव्हती. मी पुलावरच्या खोलीत बसून राहिलो, वीस मिनिटं असतील, आणि परत आलो तर ती गेलेली. तिचा हात पलंगाखाली लोंबत होता आणि त्याखाली स्निपने डोकं दिलं होतं. मी आत आल्यावरही त्याने ते काढलं नाही.

तर असं. कुत्राच होता. मी नव्हतो. जे मला स्वतःला म्हणायचं होतं ते मी तुला म्हणालो, ओल्या कोटात उभी असताना. माझं चुकलं. फार चुकलं. आणि ज्या एकट्याने काम चोख केलं, त्याच्या लसीसुद्धा मी विसरलो.

तरी तू कार्डं पाठवत राहिलीस. एकदा नाही, तीनदा. मला लिहिता येत नव्हतं म्हणून कुत्र्याला लिहिलंस. हे मी कधी फेडू शकणार नाही, आणि फेडावंसं वाटतही नाही. असंच राहू दे माझ्यावर. बरं वाटतं.

आमचं कॅलेंडर शिडीमागून काढलं. कोपरे उंदरांनी खाल्लेत, पण तारखा सगळ्या शाबूत आहेत. पुन्हा त्याच खिळ्यावर टांगलंय. काल शेजारच्या बाईंचा वाढदिवस होता, कार्ड घेऊन दारात गेलो तर त्या म्हणाल्या, "कोण मेलं?" मग आत बोलावलं, पाहुण्यांच्या गोलात खुर्चीवर बसवलं, केकचा एक तुकडा दिला. एकच. सगळं होतं तसंच आहे.

तुझं पान सोबत आहे. तिच्या ओळीखाली मी एक ओळ लिहिलीय, रागावू नकोस: "वीबे नसेल तर स्निपला रिन्स्के नेईल." ही विनंती आहे. पुस्तिका आता खणात नाही, दारामागे खुंटीवर आहे. तो तुला विसरलेला नाही, तुझं पाकीट शुक्रवारभर तोंडात घेऊन हिंडत होता.

आणि एक मागू का? पंधराला मला जागं करतील ते संध्याकाळी, असं म्हणतात. तेव्हा तिथे ओळखीचं कुणी असावं असं वाटतं. कुत्र्याला आत घेत नाहीत, मी विचारून बघितलं.

ऑक्टोबरातला वारा आहे, काही सांगता येत नाही. बोट सुटली तर ये. आणि नाही सुटली, तर डोळे उघडल्यावर मी नर्सला सांगेन, ती निघाली आहे.

तुझा मेहुणा,
वीबे