पिवळीचे सांधे

तीर्थरूप ताईस, ग्रीस धुऊन (पण नखांतलं तसंच ठेवून) नमस्कार. तुझी कंबर, भाऊजींचा खोकला आणि तुम्हा दोघांचा अबोला, तिन्हींना उतार पडला असेल अशी आशा आहे.

तू बजावलंस की रविवारची शर्यत पुरी झाली नाही, तर बाबांची पिवळी गाडी मुकाट्याने भाऊजींच्या साहेबांना विकायची. कबूल. पण आपली पिवळी शर्यत पुरी करणारच. गेल्या खेपेला ती मधेच थांबली, त्यात इंजिनाचा काही दोष नव्हता. इंजिनाची ताकद आम्ही वाढवली, पण ती ताकद मागच्या चाकांपर्यंत नेणाऱ्या दांड्यांचे सांधे बाबांच्या काळातलेच राहिले. वळणावर टकटक करत बिचाऱ्यांनी जीव सोडला. म्हणून यंदा मालवाहू व्हॅनचे दणकट सांधे आणले.

हे मामीला फोनवर सांगितलं आणि घोळ झाला. (वाक्याला कर्ता लावत जा, असं तू मला नेहमी सांगतेस.) "दोन्हीकडचे सांधे बदलतोय. जुनी झाली म्हणून काय झालं, रविवारी पळवणार आहे," एवढंच मी म्हटलं. तासाभरात मामी सफरचंदं घेऊन हजर! गॅरेजमध्ये तिला गाडीखालून बाहेर आलेले आईचे फक्त दोन पाय दिसले. तिने टाहोच फोडला. आत टॉर्च धरून पडलेली आई म्हणाली, "रडतेस काय? तो छोटा पाना दे इकडे."

जोडणी आमच्या ह्यांनी केली. ह्यांच्या टापटिपीचा सोस तुला माहीत आहे (टॉवेलची घडीसुद्धा काठाला काठ लावून). सांध्यात बाहेर एक कडं असतं, आत एक चांदणी आणि मधे पोलादी गोळ्या. कड्याची आणि चांदणीचीही एक कड रुंद, पुढची अरुंद, अशी रचना. ह्यांनी रुंदासमोर रुंद आणि अरुंदासमोर अरुंद असं देखणं बसवलं. सांधा वाकेचना.

"नवीन आहे, घट्ट असणारच," हे म्हणाले.

"लग्नातला तुमचा बूटही नवीनच होता. तो वाकत होता."

शेवटी मी जुना सांधा उघडला, तर त्यात रुंदासमोर अरुंद! तसं बसवल्याबरोबर नवा सांधा मनगटासारखा फिरला. मी कितीतरी वेळ तो नुसता हातात फिरवत बसले. (आपल्या दोघींचंही असंच असावं. आता त्यात रुंद कोण, यावर भांडू नकोस.)

काल मोकळ्या मैदानात सगळी वळणं घेतली. टकटक नाही, कुरकुर नाही. साहेबांना दुसरी गाडी बघायला सांग.

तुझी धाकटी

ता. क. शर्यतीत शेजारी बसून पुढची वळणं वाचून सांगणारं माणूस लागतं, नाहीतर गाडी सोडतच नाहीत. हे बसतात, पण डोळे मिटून. तू येशील का? "हळू, गाढवे" असं मला तुझ्याइतक्या हक्काने कोण म्हणणार? शिवाय तुझं नाव मी देऊन बसलेय.

पुन्हा ता. क. तू नाही आलीस तर आई बसणार म्हणते. हेल्मेटमध्ये तिचा चष्मा मावत नाही, आणि हेल्मेट घातल्यापासून तिला माझं काही ऐकू येत नाही. ये.