वरच्या आळीचं पहिलं पाणी

आई, दर महिन्याला मी माईकसमोर उभी राहून गावाला सांगते, काय काम झालं आणि काय राहिलं. नगराध्यक्षाला ते करावंच लागतं. तुला मात्र तू गेल्यापासून कुणी काही सांगितलेलं नाही, म्हणून आज तुझ्यापुरतं वेगळं सांगते. बाजारपेठेतलं गटार झाकलं गेलं. घंटागाडी रोज दारात येते, तरी माणसं कचरा ओढ्यातच नेऊन ओततात आणि माझं डोकं फिरतं. स्मशानात शेड झाली. तुझ्या वेळी आम्ही भर पावसात ओल्या लाकडांवर रॉकेल ओतत उभे होतो, ते डोळ्यांपुढून जात नव्हतं, म्हणून ते काम मी सगळ्यात आधी करून घेतलं. आणि माळावर पाण्याची उंच टाकी झाली. खरं तर मी त्या टाकीसाठीच लिहायला बसले आहे.

लिंबाखालचा नळ तुला आठवत असेलच. वरची आणि आपली खालची, अशा दोन आळ्यांत मिळून तो एकच. पाणी सकाळी यायचं, पण घागरी आदल्या संध्याकाळीच नंबराला लागायच्या. बाई घरी गेली तरी चालायचं, तिची घागर उभी असली की तिचा नंबर पक्का. दुसरीच्या घागरीला हात लावणं म्हणजे तिच्या थोबाडीत मारण्यासारखं होतं. ती एक सकाळ मला अजून दिसते. मी परकर सावरत तुझ्या मागं उभी आहे. वरच्या आळीत नुकतीच आलेली एक सून पुढं येते. ती सांगलीची, तिच्या माहेरी घरात नळ, तिला आपला रिवाज कुणी सांगितलेलाच नाही. ती तुझी घागर बाजूला सरकवते आणि स्वतःची पुढं ठेवते.  तू ती तांब्याची घागर उचलतेस आणि तिच्या कपाळावर घालतेस. ती खाली बसते, तेव्हा परत एकदा घालतेस. चिखलात रक्त मिसळतं, बायका बघत राहतात, कुणी पुढं होत नाही. मग तू त्याच घागरीत पाणी भरून घरी येतेस.

मी रडत होते, तर मलाही एक ठेवून दिलीस. ‘रडतीस काय? पाणी आलं न्हाई व्हय घरात?’ त्या दुपारी दोन्ही आळ्यांचे बाप्ये काठ्या घेऊन उतरले. आबांचं, तुझ्याच नवऱ्याचं, मनगट मोडलं ते पुढं कधी सरळ झालं नाही. आपली आळी जिंकली आणि तेव्हापासून पाणी आधी खाली, उरलं तर वर. पुढं नळ गेला, घरोघरी तोट्या आल्या, तरी मुख्य पाइपावरची चावी आधी आपल्याच आळीची सुटायची आणि वरच्या बायका तोटीखाली बादली ठेवून नुसती हवा ऐकत बसायच्या. चार बायका जमल्या की तू तो किस्सा रंगवून सांगायचीस. मला तुझा अभिमान वाटायचा आणि तुझी भीतीही वाटायची.

टाकी पूर्ण झाल्यावर मी सभेत सांगून टाकलं, पहिलं पाणी वरच्या आळीला. खालची चावी आधी सोडली की वर दाब राहत नाही, इतकं ते साधं आहे. पण आपल्या आळीला वाटलं, आम्ही हिला निवडून आणली ती काय यासाठी? माझ्या दारावर शेण फेकलं. तुझा धाकटा लेक आला आणि उंबऱ्याबाहेरूनच म्हणाला, ‘आक्का, आयनं रगात सांडून मिळवलंय ते. तू वाटायला निघालीस व्हय?’

‘रगात आयचं न्हवतं रं,’ मी म्हणाले. तो थुंकला आणि निघून गेला.

पाणी सोडायच्या दिवशी टाकीखाली नारळ फुटला, टाळ्या झाल्या. ती सांगलीची सून आता म्हातारी झाली आहे, कपाळावरची खूण मात्र तशीच. घरात तोटी असून ती घागर घेऊन आली आणि चावीच्या खड्ड्याशी ठेवून मला म्हणाली, ‘पयला नंबर लावलाय गं बाय. आता कुनी सरकवू नगा म्हंजी झालं.’ मी हसले. तेवढ्यात धाकटा आळीतली पोरं घेऊन आला, हातात पहार. पाणी सोडणारा गडी खड्ड्यात वाकला होता. पहार त्याच्या खांद्यावर बसली आणि हाड मोडल्याचा आवाज मला स्पष्ट ऐकू आला. माणसं एकमेकांच्या अंगावर गेली, दगड सुटले, एकाचं तोंड फुटलं. बंदोबस्ताला आलेला हवालदार जीपमागं उभा राहिला. धाकट्यानं म्हातारीची घागर लाथेनं उडवली आणि खड्ड्यातल्या गड्यावर पहार परत उगारली. ती उडालेली घागर माझ्या पायाशी आली होती. मी ती उचलली आणि त्याच्या कानशिलावर घातली.

तो गुडघ्यावर बसला. सगळे जागच्या जागी थांबले. दोघांनी खड्ड्यात उतरून चावी फिरवली आणि वरच्या आळीच्या तोट्या वाजायला लागल्या. धाकट्याला टाके पडले. हवालदाराला त्यानं सांगितलं, ‘पाय घसरला माजा.’ तो माझ्याशी बोलत नाही. खांदा मोडलेला गडी कराडला दवाखान्यात आहे, त्याला बघायला मी एक दिवसाआड जाते आणि त्याची बायको माझ्याकडं पाठ करून बसते.

गावाला मी सभेत सांगितलं की थोडी बाचाबाची झाली, आता वरच्या आळीला पाणी सुरळीत आहे. ते खोटं नाही. हे पत्र कुठं पाठवायचं नाही, म्हणून उरलेलं तुला सांगते. माझा पहिला घाव त्याच्यावर बसला तेव्हा मला बरं वाटलं, आई. लय बरं वाटलं. तो खाली बसला होता आणि माझा हात दुसऱ्यांदा वर गेला होता. तो म्हातारीनं धरला. ‘बास गं पोरी,’ म्हणाली, ‘त्या दिवशी तुज्या आयचा हात कुनी धरला न्हाई.’ तिनं धरला नसता तर मी थांबले नसते.