जमलं तर

प्रिय ठोंब्या,

पाकिटावर माझं अक्षर पाहून दचकू नकोस, घरात सगळे जिवंत आहेत. मेसेज केला की तू नुसता अंगठा पाठवतोस आणि फोन केला की तुझी मीटिंग असते, म्हणून म्हटलं, एकदा सविस्तर लिहावं. पत्र अर्धवट सोडून मीटिंगला जाता येत नाही. म्हणजे येतं, पण मग ते टेबलावर पडून राहतं आणि येता-जाता डोळ्यांत खुपतं. खुपू दे.

आधी घरचं सांगते. बाबा पहिल्यापेक्षा बरे आहेत. उजवा हात-पाय अजून साथ देत नाही, बोलणं जड झालंय, पण डोकं ठिकाणावर आहे. आई भाजीत मीठ विसरली तर डाव्या हाताने ताटलीवर टकटक करतात. जिना चढणं आता व्हायचं नाही, त्यामुळे इस्पितळातून आणल्यापासून त्यांची कॉट बाहेरच्या खोलीत, दारासमोर आहे. मध्ये एक पडदा लावलाय. पडद्याच्या या बाजूला चपला, छत्र्या, येणारे-जाणारे. त्या बाजूला बाबा. बेल वाजली की ते भिंतीकडे तोंड करतात. पार्सलवाला मान वाकडी करून आत बघतो. शेजारच्या काकू तर पडदा सारूनच विचारतात, काय, आज बरं आहे ना? अंग पुसायचं, कपडे बदलायचे, भांडं द्यायचं, सगळं तिथेच. लोकांच्या घरी वायरिंग करायला जातानाही कडक इस्त्रीचा शर्ट घालणारा हा माणूस, तुला काय सांगायचं. आणि स्वयंपाकघराला लागून तुझी खोली आहे, एका पातळीवर, स्वतंत्र न्हाणीघरासकट. ती रिकामी आहे. आई दर आठवड्याला ती पुसते, चादर बदलते, तुझे डंबेल्ससुद्धा फडक्याने झटकते. का, तर तू येणार आहेस.

तू येणार नाहीस हे मला माहीत आहे. तिकडे घर घेतलं, आता इथे परतायचं नाही असं ठरवलं, हे तूच मला सांगितलंस आणि वर म्हणालास, घरी आत्ताच बोलू नकोस, त्यांना उगाच वाईट वाटेल. मी तोंडाला कुलूप लावलं. आईला मात्र तू दर फोनवर सांगतोस, जमलं तर या सुट्टीत येतो. सुट्टी येते, जाते, घोंगडं भिजतच राहतं. बाबांना त्या खोलीत हलवू या, असं मी आईला किती वेळा म्हटलं असेल. दर वेळी ती म्हणायची, बघू गं, आणि कणीक मळायला घ्यायची. मी तिच्याशी भांडले, दोन दिवस बोलले नाही. लेकाच्या वेडापायी ही नवऱ्याला दारात ठेवते, असंसुद्धा म्हणून झालं माझं.

आता माझ्या कामाचं. मोबाइलच्या ॲपवर रंगीत बटणं लावायच्या तुझ्या धंद्यात ही भानगड तुला कधी दिसत नाही, म्हणून सोपं करून सांगते. आमच्या इस्पितळाचा सगळा कारभार एका मोठ्या सर्व्हरवर चालतो: केसपेपर, रक्ताचे रिपोर्ट, औषधं, बिलं. तळघरातल्या थंडगार खोलीत ते कपाटाएवढं धूड बसलेलं असतं आणि त्याच्यापायी मी बारा महिने स्वेटर घालते. सकाळी रुग्णांची गर्दी वाढली की त्याला धाप लागायची. मेमरी संपायची. मेमरी म्हणजे काम करायला लागणारी जागा, ओट्यासारखी समज. ओटा भरला की सर्व्हर काय करतो, तर जो सगळ्यात जास्त पसरून बसलेला दिसतो त्याला उचलून बाहेर टाकतो. दर वेळी बळी जायचा तो रक्ताच्या रिपोर्टांच्या प्रोग्रॅमचा. मग लॅबच्या बाई वरून फोन करायच्या की तुझ्या लाडक्याने परत मान टाकली गं, इथे माणसं सुया टोचून घेऊन बसलीत. आमचा उपाय ठरलेला होता. सर्व्हर बंद करून पुन्हा चालू करायचा. त्याला आमच्याकडे आंघोळ घालणं म्हणतात. दवाखाना उघडायच्या आधी ज्याची पाळी त्याने आंघोळ घालायची, भिंतीवर तसा तक्ताच लावला होता. आंघोळ घातली की दिवस निभायचा, आणि दिवस निभला की मूळ कारण शोधायची कुणाला घाई नसते.

साहेबांचं निदान असं की मेमरी कमी पडते. दुप्पट आणली. काही दिवस बरे गेले, मग त्या भरवशावर साहेबांनी आणखी दोन विभाग त्याच सर्व्हरवर चढवले आणि पुन्हा ये रे माझ्या मागल्या. मग सगळ्यांनी लॅबच्या प्रोग्रॅमला धरलं. तोच मरतो ना, म्हणजे तोच खादाड. मेमरी घेतो आणि परत करत नाही, असा त्याच्यावर आळ. तो ज्यांनी बनवला त्यांचा टायवाला माणूस येऊन गेला, त्याने कानांवर हात ठेवले. आमच्या खोलीतला दाढीवाला म्हणाला, नाचता येईना, अंगण वाकडं. मीसुद्धा त्यातच होते, खोटं कशाला बोलू. रोग म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला, असं आमचं कितीतरी महिने चाललं होतं.

शेवटी एका शांत दुपारी मी साधी बेरीज केली. प्रत्येक प्रोग्रॅम खरोखर किती मेमरी वापरतो, ते एकाखाली एक मांडलं. बेरीज निम्म्यापर्यंतही जाईना. आणि मोकळी जागा तर शून्य. म्हणजे अर्धी मेमरी कुणीतरी अडवून ठेवली होती आणि वापरत मात्र कुणीच नव्हतं. मी दाढीवाल्याला हाक मारली. त्याने पुन्हा बेरीज केली, तीच आली.

झालं होतं ते असं. सगळ्या रुग्णांच्या नोंदी सांभाळणारा डेटाबेस म्हणजे घरातला कर्ता पुरुष. त्याला मेमरी मोठमोठ्या तुकड्यांत मिळाली तर तो झपाट्याने काम करतो. म्हणून सर्व्हर चालू होतानाच अर्धी मेमरी त्याच्या नावाने बाजूला काढून ठेवायची, अशी सोय आम्हीच केली होती. त्यात दुसऱ्या कुणाला पाय ठेवता येत नाही, बाकीचे गुदमरून मेले तरी नाही. पुढे कधीतरी डेटाबेसची नवी आवृत्ती आली, तेव्हा त्याची गरज किंचित वाढली. राखलेली जागा तेवढीच राहिली. त्याची गरज आणि राखीव जागा दोन्ही एकूण मेमरीच्या प्रमाणात बांधलेल्या, म्हणून मेमरी दुप्पट केल्यावर दोन्ही दुप्पट झाल्या, कमतरता तशीच. आणि या महाशयांचा स्वभाव असा की हवी तेवढी सगळी मिळाली तरच घ्यायची. चिमूटभर कमी पडली तर त्यातलं काहीच नको. त्यामुळे स्वतःची राखीव जागा रिकामी ठेवून ते बाकीच्यांच्या अर्ध्यात येऊन पसरले. तिथे दाटी झाली, पण कर्त्याला बाहेर टाकायचं नाही अशी सर्व्हरला आमचीच ताकीद, म्हणून मार खाल्ला त्याच्या खालोखाल पसरलेल्या लॅबच्या गरीब प्रोग्रॅमने.

तू विचारशील, जागा पुरत नाही हे डेटाबेसने सांगितलं कसं नाही. त्याचीच तर मजा आहे. या बाबतीत त्याला तीन प्रकारे वागायला सांगता येतं: हो, नाही आणि जमलं तर. कुणी हात लावला नाही तर तो 'जमलं तर'वर असतो. जमलं तर राखीव जागा घेईन, नाही जमलं तर गुपचूप दुसरीकडे भागवीन, कुणाला कळवणार नाही. वरवर मोठा समंजसपणा, कुणाचं मन दुखत नाही, सगळं सुरळीत सुरू झाल्यासारखं दिसतं. मी ते 'हो' केलं आणि आंघोळ घातली. डेटाबेस सुरूच होईना. त्याने तांबड्या अक्षरांत बोंब ठोकली की मला इतकी जागा हवी आणि आहे ती इतकी. साहेबांचा चेहरा पडला, पण मला बरं वाटलं. इतक्या दिवसांत तो पहिल्यांदाच काहीतरी स्पष्ट बोलला होता. तेवढी जागा वाढवून दिली. तो आपल्या ठिकाणी जाऊन बसला, बाकीच्यांना श्वास घेता आला, आणि भिंतीवरचा आंघोळीचा तक्ता दाढीवाल्याने काढून टाकला. साहेबांनी वर कळवलं की आमच्या मार्गदर्शनाखाली दोष सापडला. असो.

आता ताई यातून तात्पर्य काढणार, म्हणून तू डोळे फिरवले असशील. नाही काढत. तुझी खोली म्हणजे मेमरी नव्हे आणि तू डेटाबेस नव्हेस. डेटाबेस निदान कामाला तरी येतो. फक्त एवढंच झालं की त्या संध्याकाळी घरी येताना माझ्या मनात आलं, लॅबच्या प्रोग्रॅमवर आपण जसा आळ घेतला, तसा आईवर घेत नाही ना? ती खोली अडवून ठेवलीय हे खरं, पण कुणी ठेवलीय, हे मी कधी विचारलंच नव्हतं. मी आपली धरून चालले होते.

मग विचारलं. आई कपड्यांच्या घड्या घालत होती. म्हणाली, मला काय विचारतेस, मी तर ते इस्पितळात होते तेव्हाच त्या खोलीतला पलंग झाडून ठेवला होता. पहिल्या दिवशी तू औषधं आणायला गेली होतीस, तेव्हा स्ट्रेचर आत नेऊ लागले तर यांनी डाव्या हाताने चौकट धरली ती सोडेनात. ते स्ट्रेचरवाले वैतागले, म्हणाले, आजी, ठरवा काय ते. तेव्हा बाहेर कॉट टाकली. मी म्हटलं, मग इतके दिवस माझ्या शिव्या का खाल्ल्यास? तर म्हणाली, त्यांनी सांगितलं होतं, पोरीला बोलू नको, ती त्याला फोनवर काहीबाही बोलेल आणि तो यायचा राहील.  तिची माफी मागितली, तर म्हणाली, माफी राहू दे, त्या पायजम्याची घडी घाल.

तू गेलास त्या वेळी तुझं आणि बाबांचं जे वाजलं, ते मी उगाळत नाही. तेव्हापासून तुम्ही आईमार्फत बोलता. त्याला म्हणावं, जेवण वेळेवर घे. बाबांना सांग, औषध चुकवू नका. ती बिचारी दोन्हीकडचे निरोप गोड करून पोचवते. मी म्हटलं, आपण मधे कुणाला घ्यायला नको, आणि पडदा सारून बाबांच्या कॉटवर जाऊन बसले. सरळच विचारलं की त्या खोलीत का जात नाही. त्यांना एकेक शब्द जुळवावा लागतो, मी घाई केली नाही. म्हणाले, तो येईल. मला तिथे बघेल. म्हणेल, जागा नाही. जाईल परत. मी म्हटलं, बाबा, ती खोली तुम्ही बांधलीत, तिची वायर न् वायर तुम्ही ओढलीत. त्यांनी मान हलवली. म्हणाले, त्याला दिलीय. त्याला विचार. तेवढ्यात बेल वाजली आणि त्यांनी भिंतीकडे तोंड केलं. मला तुझा भयंकर राग आला, त्यांचा त्याहून जास्त, आणि मग कुणाचाच येईना. स्वयंपाकघरात जाऊन मी लावलेली भांडी पुन्हा लावली आणि रडले.

तर त्यांनी विचारायला सांगितलंय, म्हणून विचारते आहे: तुझ्या खोलीत बाबांनी झोपलं तर चालेल का? ये म्हणून हे पत्र नाही. येणार असशील तर तारीख सांग, नसशील तर नाही म्हण, आणि ते मला किंवा आईला नको, त्यांना सांग. वाईट वाटायचं ते वाटेल. दारातल्या कॉटवर पडून रोज वाट बघण्यापेक्षा ते बरं. मी तुझ्या घराबद्दल अजूनही काही बोलले नाही आणि बोलणार नाही, ते सांगायचं काम तुझं. बाबांसाठी वेगळा फोन घेतलाय, नंबर पाकिटाच्या मागे लिहिला आहे. दुपारी आई जरा लवंडते आणि मी कामावर असते, तेव्हा ते एकटेच असतात. तेव्हा कर. त्यांना डाव्या हाताने फोन उचलायला वेळ लागतो, आणि उचलल्यावर पहिला शब्द यायला त्याहून जास्त. कुणी बोलत नाही असं वाटून ठेवून देऊ नकोस.

तुझ्यावर रागावलेली, तरीही तुझीच,
ताई