काळी चारचा सूर

१ मार्च
थायरॉइडच्या गाठीचं ऑपरेशन होऊन दोन महिने होतील. सगळे म्हणतात आवाज तोच आहे. बोलायला तोच हो! अंतऱ्याला वर चढले की नुसती हवा. चौदा एप्रिलला पिंपरीत जयंतीचा कार्यक्रम, आणि गाण्याच्या पार्टीची मेन गायिका मी.

४ मार्च
संजूची सेकंड शिफ्ट. सकाळी पेटी काढली त्यानं. नवरा तोच, पेटीवालाही तोच. येईल हळूहळू, म्हणतो.

९ मार्च
आलं! संजूचं बोट काळी चारवर, माझी लग्नाआधीपासूनची पट्टी, आणि वरचा सा लागला. रडले, मग हसले. त्यानं पेटीवरची मान वर केली नाही. म्हटलं, त्यालाही भरून आलं असेल.

१५ मार्च
सांगवीला तालीम. संजू चाकणला, ओव्हरटाइम. पार्टीच्या दादांनी पेटी धरली, काळी चार. पहिल्याच अंतऱ्याला आवाज फाटला. कोरसच्या पोरी खाली बघायला लागल्या.
घरी येऊन आमची पेटी बघितली. स्केल चेंजरची आहे, पट्ट्या सरकवता येतात. सरकवलेल्या. बोट काळी चारवर, सूर काळी दोनचा, खालचा.
माझ्या कानाला कळू नये? कळलं असेल. ऐकायचं नव्हतं.

१६ मार्च
निगडीला डॉक्टरांकडे. एकटी. घशात दुर्बीण, ई-ई करा. स्वरतंतू नीट मिटतात, म्हणून बोलणं ठीक. उंच सुराला ते ताणावे लागतात. ताणणाऱ्या स्नायूची नस गाठीला चिकटलेली होती, दुखावली. भरून येईल का, सांगता येत नाही. आधी का नाही बोललात, विचारलं.
"तुमच्या मिस्टरांना सांगितलं होतं. म्हणाले, मी बोलतो तिच्याशी."
केसानं गळा कापणं म्हणतात ते हेच.

१७ मार्च
संजूला विचारलं. म्हणाला, "गाठ वाढत होती. सांगितलं असतं तर गेली असतीस ऑपरेशनला?"
नसते गेले. त्याला ठाऊक होतं, त्याचाच तर राग. आणि पेटीचं? म्हणे, तू किती दिवसांनी हसलीस, मग परत सरकवायचा धीर झाला नाही.
हसले म्हणे. हसं केलंस माझं.

२२ मार्च
दादांचा फोन. गाणी काळी दोनात बसवू, वरच्या ओळी कोरसमधली कोमल घेईल. संजूशी बोलणं झालंय. परत संजूशीच! माझा गळा म्हणजे काय सोसायटीचा नळ आहे?

२९ मार्च
रविवार. संजूनं पेटी समोर घेतली. "कुठली धरू?" पहिल्यांदा विचारलं मला.
उत्तर तोंडाशी आलं होतं. पण कळलं, आता यानं कुठलीही धरली तरी मी आधी वाकून पेटी बघणार. मग गायचं कसं. कांदे चिरत राहिले. तो बसलाय अजून.