एका रेघेखालचा प्रश्न

११ जाने.
इथल्या मराठी मंडळाच्या चिटणिसांचा फोन. सव्वीसला आजोबांच्या तसबिरीचं अनावरण, त्याआधी मी वीस मिनिटं बोलायचं. विषय : घटनेची मुळं. 'आपल्या बडोद्यापासूनच सुरुवात करा' म्हणाले. नाही म्हणणार होते, पण नागरिकशास्त्र शिकवण्यात जन्म गेला, बोलायची हौस काही जात नाही. हो म्हटलं.

१३ जाने.
धाकट्या भावाकडून, सुधीरकडून, आजोबांची वही आणली. संस्थानी अमलात सल्लागार सभा भरायच्या, आजोबा तिथे कारकून. बोलणं चालू असताना कच्चं उतरवायचं, मग पक्की प्रत करून वर द्यायची. ही कच्ची वही घरी कशी राहिली कोण जाणे. आम्ही दर दसऱ्याला तिला हळदकुंकू वाहिलं, उघडून कुणी पाहिली नाही. शाबास आमची!

१४ जाने.
उत्तरायण. गच्चीवर पतंग, भोंगे, कुणाचा कापला की 'काप्यो छे'चा आरडाओरडा. मी खाली, वही घेऊन. एका पानावर डभोईच्या सभासदाचं बोलणं : "आम्हांस प्रश्न विचारण्याची मुभा आहे. नवीन कर नको, असे म्हणण्याची का नाही?" त्यावर तांबड्या शाईची रेघ. समासात आजोबांचं अक्षर, 'आज्ञेवरून गाळले', आणि सही. खाली पक्क्या प्रतीसाठी : 'सभासदांनी सरकारचे आभार मानले.'
सणाचा उंधियू ताटात तसाच राहिला.

१५ जाने.
आजोबांनी रयतेचा शब्द दरबारात पोचवला, असं आमच्या घरात सांगतात. मी वर्गात दरवर्षी सांगितलं, तेही छाती फुगवून. लाज वाटते. आजोबांचा रागही येतो.

१८ जाने.
सुधीरला पान दाखवलं. हे भाषणात वाचणार म्हटल्यावर भडकलाच. "ताई, त्यांची नोकरी होती. चार पोरं पदरात. तू काय केलं असतंस?" मीना, त्याची बायको, मध्ये पडली : "रहू द्या ने, ताई. हार घालायच्या दिवशी असलं कशाला काढायचं?"
तिचंही खोटं नाही.

२१ जाने.
रेघ एकच आहे. खालचं अक्षर न् अक्षर वाचता येतं. खरडून टाकता आलं असतं, पान फाडता आलं असतं. नुसती कारकुनी शिस्त, की मुद्दाम राखलं... की मीच पुन्हा आजोबांना मोठं करतेय?
आणि तो डभोईचा माणूस. नाव नाही, नुसतं 'सभासद'. अंमलदारांच्या तोंडावर विचारून बसला, मग घरी गेला असेल. घरचे काय म्हणाले असतील? मी मुलांना घटना शिकवली ती घटना समितीपासून, जणू लिहायला बसलेल्यांपुढे कोरा कागद होता. त्याआधी असे किती जण 'का नाही' विचारून गेले, ते माझ्या एकाही धड्यात नव्हतं.

२५ जाने.
सुधीरचा फोन नाही. मी केला तर मीनानं उचलला. "बाहेर गेलेत." टीव्हीचा आवाज येत होता, आणि सुधीरचा खोकला.

२६ जाने.
वाचलं. प्रश्नही आणि 'आज्ञेवरून गाळले'सुद्धा. टाळ्या तुरळक. मागून एका बाईंनी विचारलं, "नाम शुं हतुं एमनुं?" त्या सभासदाचं नाव लिहिलेलं नाही, मी म्हणाले.
मग अनावरण. सुधीरनं हार घातला, माझ्याकडे पाहिलं नाही.
चहाच्या वेळी चिटणीस जवळ आले. भला माणूस, खालच्या आवाजात म्हणाले, "छान बोललात. इतिवृत्तात मात्र तेवढा भाग नको. सुधीरभाईंनी विनंती केलीय, अध्यक्षांचंही तेच म्हणणं. आणि लिहून तुम्हीच द्या हं, तुमच्यासारखं मराठी आता कोण लिहितं?"
सुधीर दाराशी चपला घालत होता. डोळे भरले होते त्याचे. माझा एकुलता एक भाऊ.
कागद घेऊन बसले आहे. तारीख, स्थळ, उपस्थिती लिहून झाली. पुढचा मुद्दा भाषणाचा.